मागच्या गाडीत मी होतो

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. बायकोजवळ नाही, धाकट्या भावाजवळ नाही. देवळात हात जोडले आणि हा विषय मनात आला, की मी घाईघाईनं तीर्थ घेऊन बाहेर पडतो. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. सकाळपासून दोनदा चहा झाला, एकदा उगाच टेबलाचा खण आवरला, आणि कागदावर अजून एवढंच आलंय.

आधी मी कोण ते सांगतो — त्याला हिंमत लागत नाही. बुलढाण्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. मुलं पाठीमागं मला ‘सिग्नल सर’ म्हणतात. कुणी गाडीवर फोन कानाला लावलेला दिसला की मी त्याला तिथंच थांबवून झाडतो. रस्ता सुरक्षा सप्ताह आला की आमच्याकडं भाषण माझंच. मी तापट आहे, हे मान्य. पण ह्या एका बाबतीत माझा राग लोकांना आवडायचा. आणि माझ्याकडं पुरावा होता ना — मोबाईलमध्ये!

गाडी नीट चालवता की नाही ते मोजणारं एक ॲप मी घेतलं होतं. फोन समोरच्या होल्डरला लावायचा आणि गाडी सुरू करायची. वेग किती, ब्रेक किती जोरात दाबला, चालवताना फोनला हात लावला का, सगळं ते टिपतं आणि प्रवास संपला की शंभरपैकी गुण देतं. मला अठ्ठ्याण्णवच्या खाली सहसा पडायचे नाहीत. स्टाफरूममध्ये मी ते दाखवत फिरायचो. बायको म्हणायची, “छत्तीसपैकी अठरा गुणांवर आपलं लग्न जमलं, तवा काई बोलले नाही. आता शंभरातले दोन गेले तं जेवण गोड लागत नाही तुमाले.”

खरं सांगायचं तर — आणि त्यासाठीच बसलोय — त्या अठ्ठ्याण्णवामागं एक लबाडी होती. माझ्याकडं दोन फोन होते. होल्डरमधल्या फोनला हात लावला की गुण जायचे, म्हणून त्याला मी शिवत नव्हतो. जुना फोन मांडीखाली असायचा. मेसेज वाजला की तो काढून बघायचं. ॲपला त्या फोनचा पत्ताच नव्हता. परीक्षेत पोरांच्या मोज्यातल्या चिठ्ठ्या काढणारा मी, आणि स्वतः हे असं. तेव्हा मला ते लबाडी वाटतही नव्हतं. हुशारी वाटायची.

आता गौतम.

गौतम माझा वर्गमित्र. आम्ही दोघं रोहिणखेडचे. जुन्या मशिदीच्या मागं मोकळी जागा होती, तिथं एका भाड्याच्या सायकलवर आळीपाळीनं शिकलो. तो बसला की मी मागून सीट धरायचो, मी बसलो की तो. त्यानं मला एकदाही पाडलं नाही. पुढं मी मास्तर झालो, तो आरोग्यसेवक. दोघंही बुलढाण्यात आलो. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी मला साखर सांगितली, तेव्हा ह्यानंच मला धरून पुन्हा सायकलवर बसवलं.

सायकलवर इतका आनंदी माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याच्या हँडलवर फोन असायचा, त्यात सायकलचं ॲप. किती किलोमीटर झाले हे सगळे बघतात. गौतम ते बघायचाच नाही. त्या ॲपमध्ये प्रत्येक राईडला नाव देता येतं, आणि त्याचा सगळा जीव त्या नावात. ‘आज तीन मोर.’ ‘वारं उलटं, भजे सुलटे.’ गेलेल्या वाटेची नकाशावर रेघ उमटते, म्हणून एका पोळ्याला हा मोताळा तालुक्यातल्या रस्त्यांवरून बैल काढायला निघाला. सहा तास फिरला. शिंगं बरी आली होती, बाकी शेळी. आम्ही महिनाभर त्याला ‘शेळीवाले’ म्हणत होतो आणि तो आमच्यापेक्षा मोठ्यानं हसत होता.

बघा, मी पुन्हा लांब चाललोय. त्याच्याबद्दल चांगलं बोलत बसलो की ती सकाळ पुढं ढकलली जाते.

रविवारी आम्ही राजूर घाट उतरून मोताळ्यापर्यंत जायचो आणि घाट चढून परत. ज्ञानगंगेचं जंगल जवळ, त्यामुळं घाटात अस्वलाची भीती. आमच्यातल्या एकाला पहाटे रस्ता ओलांडणारं अस्वल दिसलं आणि तेव्हापासून नियम झाला. पाळीपाळीनं एकानं सायकल घरी ठेवायची आणि चारचाकी घेऊन सगळ्यांच्या मागं राहायचं. पाणी, पंक्चरचं सामान, चारी इंडिकेटर चालू. शिवाय मागच्या गाडीवाल्याला फोनवर सगळ्यांची जागा दिसायची, नकाशावर एकेकाचा निळा ठिपका. कुणी मागं राहिला, कुणी पडला, तर कळावं म्हणून. अस्वलानं आजपर्यंत आमच्यातल्या कुणाला काही केलेलं नाही.

त्या रविवारी पाळी माझी होती. सायकलवर तिघं — गौतम आणि आणखी दोघं. आज ह्या गोष्टीला सहा वर्षं झाली.

परत येताना, चढण लागण्याआधी, मी राजूरला गाडी थांबवली. का थांबवली? पोलिसांना मी सांगितलं, टायर तपासायला. टायर ठीक होते. तिघांचा मागून एक छान फोटो मिळाला होता, तो ग्रुपवर टाकायला थांबलो होतो. खाली ओळ लिहिली — ‘सुरक्षित अंतर, सुरक्षित प्रवास.’ अंगठे यायला लागले. वा सर, ग्रेट सर. मी एकेकाला हात जोडलेलं चित्र पाठवत बसलो. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. मान वर केली तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं.

म्हणजे ज्यांच्या मागं राहायचं, ते घाट चढून गेले होते. मी गाडी काढली. नवा फोन होल्डरमध्ये, गुण मोजत. जुना डाव्या हातात. घाटात रेंज येते-जाते. गौतमचा ठिपका घाटमाथ्यावर दिसत होता, हलत नव्हता. बसला असेल चहाला, असं मनात आलं आणि बरं वाटलं. मग शंका आली, हा ठिपका आत्ताचा की मघाचा? ते बघायला मी फोन स्टेअरिंगवर टेकवला आणि दोन बोटांनी नकाशा मोठा केला.

रस्ता डावीकडं वळला. मी वळलो नाही.

गौतम वरून खाली येत होता. मी दिसेना म्हणून. सोबतच्या दोघांना म्हणाला होता, “तुमी चहा सांगा, मी पाह्यतो मास्तर कुठीसा अडकला तं.” मला काही झालं असेल, ह्या काळजीनं तो फिरला होता. आणि मी रस्त्याच्या उजव्या बाजूला, त्याच्या बाजूला, मान खाली घालून त्याचाच ठिपका बघत होतो. नकाशावर तो अजून घाटमाथ्यावरच होता.

आवाजाचं मी काही लिहिणार नाही. तेवढं मला जमत नाही.

पुढची दोन-तीन मिनिटं मात्र लिहिलीच पाहिजेत, कारण तिथं माझ्यासोबत कुणी नव्हतं आणि जे केलं ते मी शुद्धीवर केलं. मी खाली उतरलो. गौतम कडेच्या दगडांवर पडला होता, हेल्मेट दुभंगलेलं, डोळे मिटलेले, श्वास चालू. एक पाय भलतीकडं वळला होता. मी त्याला हाक मारली. मग — मी परत गाडीत बसलो. गाडी मागं घेतली आणि आपल्या डाव्या बाजूला, रेघेच्या आत, नीट उभी केली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट मोकळी असावी म्हणून? सहा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलोय. त्या वेळी रस्त्यावर एकही गाडी नव्हती. जुना फोन सीटखाली सरकवला. आणि मग त्याच्याजवळ जाऊन बसलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडलो. ते रडणं खरं होतं. खरं रडता रडता माणसाला गाडीची बाजू बदलायचं सुचतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मागून एक जीप आली. वरून आमचे दोघं धावत आले. त्यांनी काही विचारायच्या आधीच मी बोललो, “एकदम माझ्या बाजूला आला रे.” कुणी विचारलं नव्हतं. पहिलं वाक्य माझं होतं आणि नंतर सगळ्यांनी तेच वाक्य पुढं नेलं.

दवाखान्यात जबाब घ्यायला हवालदार आले. मी होल्डरमधला फोन त्यांच्या पुढं धरला. वेग मर्यादेत. जोराचा ब्रेक, एक वेळा. चालवताना फोनचा वापर — शून्य. त्या प्रवासाला ॲपनं मला एक्याण्णव गुण दिले होते, हिरव्या रंगात. हवालदार म्हणाले, “सर, तुमचं तं सारं रेकॉर्डच हाये.” गौतमच्या फोनवरची रेघही सगळ्यांनी पाहिली. ती घाटमाथ्यापर्यंत जाते, तिथून उलटी फिरते आणि वळणावर संपते. उतार, उलटी दिशा, एकटा. आता सांगा, चूक कुणाची दिसते? त्या रेघेला रस्त्याची डावी बाजू आणि उजवी बाजू कळत नाही. ते कळणारे आम्ही दोघंच होतो, आणि एकजण बेशुद्ध होता.

त्याची बायको, सुनंदा, दाराशी बसून होती. मला म्हणाली, “भाऊजी, तुमी मागं होते म्हून ह्यांचा जीव वाचला.” तिनं माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागं घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी गौतम नीट बोलायला लागला. मांडीच्या हाडात सळई घातली होती. त्याला मोताळ्याचा चहा आठवत होता, चढणीची सुरुवात आठवत होती, पुढचं सगळं कोरं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ते बहुतेक परत येणार नाही. हे ऐकून मला काय वाटलं, ते तुम्ही ओळखलंच असेल. हो — सुटल्यासारखं वाटलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यानं विचारलं, “काय झालं होतं बे?”

हीच ती वेळ होती. त्यानं पोलिसांसारखं विचारलं नव्हतं, मशिदीमागच्या त्या मोकळ्या जागेत पडल्यावर विचारायचा तसं विचारलं होतं. मी म्हणालो, “तू वळण कापलंस. एकदम माझ्या बाजूला आलास.”

“म्या?” तो म्हणाला. त्याला ते पटत नव्हतं. त्याच्या अंगात ती चूकच नव्हती, पटणार कसं? तो उतारावर नेहमी कडेनं यायचा, आम्हालाही ओरडायचा. पण सांगणारा मी होतो. मग त्यानं विचारलं, “तुह्या गाडीले जास्त लागलं काय?”

पायात लंगडेपणा राहिला. गावोगाव फिरायचं काम सुटलं, त्याला कार्यालयात रजिस्टरांपुढं बसवलं. सायकल भाच्याला देऊन टाकली. हे सगळं मी बघत होतो, त्याच्या घरी डबा नेत होतो, फिजिओथेरपीला नेत-आणत होतो. लोक म्हणत, मित्र असावा तर असा. ॲपवरच्या त्या शेवटच्या राईडला त्यानं पडल्या पडल्या नाव दिलं — ‘माही चूक’. ते माझ्या फोनवर आलं आणि सवयीनं माझं बोट अंगठ्याच्या खुणेवर पडलं. ती खूण अजून तिथं आहे. काढली तर त्याला कळेल म्हणून काढत नाही.

ह्याहून वाईट एक गोष्ट आहे. अपघातानंतरच्या रस्ता सुरक्षा सप्ताहाला प्राचार्य म्हणाले, तुमच्या मित्रालाच बोलवा की, अनुभवाचे बोल मुलांना पटतील. मी नको म्हणायला हवं होतं. मी गौतमला विचारलं आणि तो लगेच तयार झाला. कारण काय, तर एखादं पोरगं वाचलं तर बरं. तेव्हापासून दरवर्षी तो येतो. काठी टेकत व्यासपीठावर चढतो आणि दोनशे पोरांपुढं सांगतो, “माह्या हातून चूक झाली. मी वळण कापलं. मागच्या गाडीत सर होते, दुसरं कोनी असतं तं आज मी नसतो. सरायच्या हातात मोबाईल नव्हता, म्हून मी वाचलो.” पोरं टाळ्या वाजवतात. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर असतो. मीही टाळ्या वाजवतो. न वाजवून कसं चालेल?

त्यातल्या कुठल्याच वर्षी मी उठलो नाही. दरवेळी वाटायचं, आता ह्या वर्षी बोलायचं. मग प्राचार्य आभार मानायला उठायचे आणि कार्यक्रम संपायचा. बाहेर पडलं की समोसा.

हे आता का लिहितोय, विचाराल. गेल्या महिन्यात गौतमनं जुनीच एक सायकल घेतली. सुनंदाचा विरोध होता. तिला त्यानं काय सांगितलं असेल? “मास्तर मागं राहीन गाडी घेऊन. मंग तं झालं?” आणि ती तयार झाली. मला फोन करून म्हणाला, “तू मागं असला की मले भेव नाही बे.”

गेल्या रविवारी आम्ही गेलो. दोघंच. जुना फोन मी आता ठेवत नाही, पण त्या दिवशी दुसराही बंद करून मागच्या सीटवर टाकावासा वाटला. टाकला नाही, कारण गौतम म्हणाला, “ॲप लाव, गुण पाहू तुहे.” सकाळचे सात वाजले होते. तो पुढं, दुखऱ्या पायानं हळूहळू पायडल मारत. मी मागं, चारी इंडिकेटर लावून, त्याच्या पाठीवरून नजर न काढता. स्टेअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं आखडली. मनात एकच, ते वळण येईल तेव्हा हा काय करेल?

वळण आलं. गौतमनं हात वर करून मला थांबायची खूण केली आणि तो सायकलवरून उतरला. मला वाटलं पाय दुखला. तसं नव्हतं. त्यानं सायकल हातात धरली, रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला गेला, गवतात, आणि लंगडत लंगडत ते सगळं वळण चालत पार केलं. दर चार पावलांवर मागं वळून बघत होता, आपण रेघेच्या आत आहोत ना म्हणून. बाहेर आल्यावर माझ्याकडं बघून जरासा ओशाळून हसला. “इथं माह्यावर मले भरवसा नाही,” म्हणाला. आणि पुन्हा सायकलवर बसला.

नकाशावर बैल काढायला निघालेला माणूस तो.

घाट चढून परत आल्यावर माथ्यावर आम्ही बसलो. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी तीनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा त्याला विचारलं, पाणी पाहिजे का. त्यानं माझा फोन घेऊन गुण बघितले. शंभरपैकी शंभर. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मग स्वतःच्या राईडला नाव दिलं — ‘वळण पायी पायी’.

हा कागद त्याच्या हातात जाईल. माझं काही छापून आलं की तो आधी वाचतो आणि शुद्धलेखनाच्या चुका काढतो. ह्यातल्याही काढील, किंवा काढणार नाही. मला त्याच्याकडं काही मागायचं नाही आणि तुमच्याकडंही नाही. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्यानं जे विचारलं होतं, त्याचं उत्तर तेवढं राहिलंय.

गौतम, तू वळण कापलं नव्हतं बे. तू तुह्या बाजूनंच येऊन राह्यला होता. माह्या हातात फोन होता. मी आलो तुह्या बाजूले.